मातेच्या जीपचं स्टिअरिंग

"हा रस्ता माझ्यापेक्षा माझ्या जीपला जास्त ठाऊक आहे. मी स्टिअरिंग धरतो ते निव्वळ शिष्टाचार म्हणून," असं लिबार्दो ओस्पिनाने जाहीर केलं, आणि पुढच्याच वळणावर जीप सगळा शिष्टाचार सोडून केळीच्या बागेत शिरली.

जीपमध्ये कॉफीची पोती होती, पोत्यांवर बाया होत्या आणि पुढे लिबार्दोच्या शेजारी फादर आन्सेल्मो होते. ते ला पाल्मा वाडीवर मिस्सा करून सांता रीताला परत निघाले होते. मी मागच्या पायरीवर लटकलो होतो. त्या पायरीचा मोठा फायदा म्हणजे तिच्यावरून उतरायला दार लागत नाही. मी उतरलो तेव्हा जीप अजून चालतच होती. बाकीचे तिच्याबरोबर थांबले. कोणाला काही लागलं नाही. एक केळ मात्र आडवी झाली आणि तिचा घड थेट फादरांच्या मांडीवर येऊन पडला. बाप्तिस्म्याला आणलेलं पोर धरावं तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"बघितलंत ना फादर?" लिबार्दो म्हणाला. "कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसरी जीप असती ना, तर दरीत गेली असती!"

"दुसरी जीप असती तर रस्त्यावर राहिली असती," फादर म्हणाले. घड त्यांनी बाजूला ठेवला, झगा झटकला आणि अगदी शांतपणे निकाल दिला. "लिबार्दो, सोळा जुलैला कार्मेनमाता या जीपमध्ये बसणार नाही."

पोत्यांवरच्या बाया एकदम गप्प झाल्या. आमच्या बायांच्या बाबतीत ही अपघातापेक्षा मोठी घटना.

कार्मेनमाता ड्रायव्हर लोकांची. दर सोळा जुलैला तिची मूर्ती ला पाल्माच्या चॅपलमधून निघते आणि डोंगर उतरून सांता रीताच्या चौकात येते. तिच्यामागे गावातल्या झाडून सगळ्या जीपा, फुलं लावून, हॉर्न दाबून. मातेची जीप सगळ्यात पुढे, आणि तिचं स्टिअरिंग ओस्पिनाच्या हातात. आधी लिबार्दोचा बाप, मग लिबार्दो. गावात महापौर बदलले, फादर बदलले, बँड कितीदा तरी फुटून पुन्हा जमला, ओस्पिना बदलले नाहीत. लिबार्दोकडे दुसरं काही नव्हतं असं नाही. बायको होती, कोंबड्या होत्या, परसात एक आंबटढोण संत्र्याचं झाड होतं. पण त्यांच्याकडे बघून कोणी टोपी काढत नसे. सोळा जुलैला मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं टोप्या काढून उभी राहत. टोप्या निघत त्या मातेसाठी, हे उघड आहे. पण ड्रायव्हरच्या जागेवरून बघितलं तर तेवढा फरक कळत नाही.

"फादर, आठवड्यात गाडी ठीक करतो," तो म्हणाला.

"कर. उत्सवाच्या आदल्या दिवशी मी स्वतः बसून बघेन. नाहीतर ओविदिओची हिरवी जीप आहेच."

ओविदिओचं नाव ऐकून लिबार्दोचा चेहरा असा झाला की त्यापेक्षा फादरांनी त्याला नरकाचं नाव सांगितलं असतं तर बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या कॉफीच्या गाड्यापाशी निदान सुरू झालं. सांता रीतामध्ये आजारी माणसाला डॉक्टर एकच, पण आजारी जीपला जितकी माणसं तितके डॉक्टर. एकजण म्हणाला, टायरमध्ये हवा कमी आहे. दुसरा म्हणाला, हवा जास्त आहे. तिसऱ्याचं म्हणणं, मागे इतकी पोती लादली की पुढची चाकं जमिनीला नुसती टेकतात, मग ती ऐकणार कोणाचं? यात खरेपणा होता, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

ओविदिओ गाड्याला टेकून अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, खात होता. "लिबार्दोशेठ, मी मातेसाठी सीटला नवीन कव्हरं शिवून घेतलीत. निळी मखमल. मातेला निळा आवडतो."

"तुला काय मातेने सांगितलं?"

"मला नाही. तुझ्या जीपमध्ये बसून ती इतकी वर्षं जी तोंडं करत होती ना, त्यावरून कळलं."

चौक हसला. लिबार्दो हसला नाही. स्टिअरिंगला थोडासा प्ले असतोच, जिवंत गाडीला असायलाच हवा, असं काहीतरी तो बोलला आणि कॉफी अर्धी टाकून उठला. थोडासा म्हणजे किती, ते मी सांगतो. त्या स्टिअरिंगचं चाक सहा वाजल्याच्या काट्यावरून पार आठच्या काट्यापर्यंत फिरवलं तरी पुढच्या टायरांना त्याची खबर नसे. लिबार्दो सरळ रस्त्यावरसुद्धा दोन्ही हातांनी सारखं डावं-उजवं करत जायचा, कणीक तिंबल्यासारखं. आम्हाला वाटायचं ती त्याची पद्धत आहे.

शेवटी देयानिरा, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "अहो, नुबियाकडे न्या."

नुबिया देयानिराची धाकटी बहीण. घाटाच्या पायथ्याशी तिचं गॅरेज आहे. आसपासच्या तिन्ही गावांत तिच्या तोडीचा मेकॅनिक नाही, आणि ही गोष्ट कोणाला माहीत नसली तर ती स्वतः सांगते. लिबार्दो आजवर तिच्याकडे गेला नव्हता. सासुरवाडीच्या माणसापुढे बॉनेट उघडायचं म्हणजे त्याला अंगरखा काढून उभं राहिल्यासारखं वाटायचं. त्यामुळे जीपची सगळी दुरुस्ती तो एका स्क्रूड्रायव्हरने घरच्या घरी करत असे.

मी बरोबर गेलो. मला काम नव्हतं आणि बघायला हे होतं.

"या दाजी, या," नुबियाने हात पुसत स्वागत केलं. "केळी कशी आहेत?"

"तू आधी गाडी बघ."

तिने बॉनेट उघडलं. स्टिअरिंगच्या बॉक्सकडे एक नजर टाकली आणि कमरेवर हात ठेवले. "हा स्क्रू कोणी आवळला?"

लिबार्दोने आढ्याकडे बघितलं.

"दाजी, आढं बघू नका, आढ्याला स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही."

"थोडासाच आवळला. प्ले होता म्हणून. सगळेच आवळतात."

"सगळेच आवळतात, म्हणून तर माझं घर चालतं." तिने पाना घेतला. "आता ऐका. गाडी जन्मभर जास्त करून सरळ चालते. म्हणजे बॉक्सच्या आतली झीज मधोमध होते, कडेला नाही. तुम्ही मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला. सरळ रस्त्यावर कसं छान, घट्ट. मग वळण आलं, चाक कडेला गेलं. तिथे झीज नाही, तिथे आता जागाच उरली नाही. अडकलं. तुम्ही ओढताय, ते येत नाही. आणि पुढे काय होतं?"

"केळी," मी म्हणालो.

"हे काका हुशार आहेत."

लिबार्दो म्हणाला, "मग स्क्रू ढिला कर आणि दे गाडी."

"ढिला करते. पण मग मूळचा प्ले परत येईल. बॉक्समधली झीज एवढी नाही हो. दुसरीकडे कुठेतरी आहे. आता मला एक माणूस हवाय, जो स्टिअरिंगवर बसून सांगितलेलं ऐकेल. तुम्ही चालणार नाही."

नेमके त्याच वेळी फादर आन्सेल्मो दारात उभे राहिले. दुरुस्तीला सुरुवात झाली की नाही ते बघायला आले होते. नुबियाने त्यांना बघणाऱ्यांत राहू दिलंच नाही. "फादर, या, बसा. इंजिन बंद आहे, घाबरू नका. मी सांगेन तसं चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. जोर लावायचा नाही. आशीर्वाद देताना हात हलतो ना, तेवढंच."

फादर बसले. नुबिया जीपखाली सरकली आणि एक हात बाहेर काढून तिने लिबार्दोची विजार ओढली. "तुम्हीपण आत या दाजी. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल मेहुणी बोलते. डोळ्यांनी बघा."

लिबार्दो आडवा झाला. मी बाहेर उकिडवा बसलो. तिथून मला दोघांचे बूट आणि सगळं संभाषण व्यवस्थित मिळत होतं.

"फादर, आशीर्वाद चालू द्या!" आतून नुबिया ओरडली. "हां. बघा दाजी. दांडा फिरतोय. बॉक्समधून हा खाली आलेला हात, हा हलतोय?"

"हलतोय."

"लगेच हलतोय की विचार करून?"

"लगेच."

"म्हणजे बॉक्स बरा. पुढे ही लांब सळई. हलतेय?"

"हलतेय."

"आता ही सळई कुठे जाते? या मधल्याकडे."

मधला म्हणजे पुढच्या आडव्या पट्टीवर बसवलेला एक तिकोनी लोखंडी तुकडा. तो एका उभ्या पिनेवर फिरतो. सळईने आणलेली ओढ तो घेतो आणि डाव्या-उजव्या चाकांना वाटून देतो. निदान त्याने तसं करायचं असतं.

"फादर, परत. डावं. उजवं. बघा दाजी, मधला काय करतोय?"

लिबार्दोचे बूट जरा पुढे सरकले. मग लिबार्दो हळूच म्हणाला, "डुलतोय."

"आणि चाकं?"

"झोपलीत."

"सापडलं!" नुबियाने आतून पट्टीवर पाना वाजवला. "हालचाल इथवर येते आणि इथेच जिरते. हा स्वतः पिनेवर डुलून घेतो, पुढे काही पाठवत नाही."

"आपल्या नगरपालिकेत असा एक आहे," फादर वरून म्हणाले. ते अजून इमानदारीत चाक हलवत होते. त्यांना थांबा असं कोणी सांगितलं नव्हतं.

"पण हा झिजलाच कसा?" लिबार्दो आतून कुरकुरला. "मी या गाडीला काय कमी केलं? पोटच्या पोरीसारखी ठेवलीय. दरवर्षी उत्सवाआधी रंग देतो. वरून, खालून, सगळीकडे! लोक वरवर रंग देतात. मी म्हणतो, माता वर बसते, पण देव खालूनही बघतो."

"खालूनही?" नुबियाचा आवाज बदलला. "दाजी, तो पत्रा द्या इकडे."

खरवडल्याचा आवाज सुरू झाला. लाल पापुद्रे बाहेर पडायला लागले. लालच्या खाली आणखी लाल, त्याखाली बिशप आले होते त्या वर्षीचा निळा, मग पुन्हा लाल, मग एक पिवळा. त्या पिवळ्याबद्दल लिबार्दोने नंतरही कधी खुलासा केला नाही. मग नुबिया थांबली.

"हे काय आहे?"

"तिथे एक गुळगुळीत टेंगूळ होतं. शोभेचं असेल."

"ते ग्रीस भरायचं निपल आहे, दाजी! मधल्याच्या पिनेला इथून ग्रीस जातं. तुम्ही दरवर्षी त्याच्यावर मातेच्या नावाने रंग थापलाय. ग्रीस गनचं तोंड बसायला जागाच नाही. तुमच्या वडिलांनंतर या पिनेने ग्रीसचं तोंड बघितलेलं नाही!"

दोघं बाहेर आली. लिबार्दोच्या नाकावर लाल पापुद्रा चिकटला होता. तो फादरांसमोर उभा राहिला. इतका गरीब चेहरा मी त्याचा केळीच्या बागेतसुद्धा बघितला नव्हता.

"फादर, मी मातेसाठीच रंगवत होतो."

फादरांनी स्टिअरिंग सोडलं आणि खाली उतरले. काय बोलावं हा त्यांनाही प्रश्न पडला असावा, कारण धर्मात रंगाविरुद्ध काही सांगितलेलं नाही. "मातेची तक्रार नसेल," ते म्हणाले. "पण लिबार्दो, तिला न विचारता तू तिचे पाय बांधत होतास."

"ते राहू द्या आता," नुबिया म्हणाली. "रोग सापडला म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मी करते, म्हणजे ते झालंच समजा."

आणि झालंच. जुनी पिन तिने काढून दाखवली. एका अंगाने ती चघळलेल्या चॉकलेटसारखी बारीक झाली होती. तिने लेथवर नवीन पिन कातली, तिच्याभोवती पितळेचं बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, बसवलं, ग्रीस आतपर्यंत पोचावं म्हणून त्याला आतून खाच मारली. सळयांच्या टोकांची झाकणं उघडून तिथला कचरा काढला आणि ती पुन्हा नीट आवळली. शेवटी चाकं सरळ ठेवून बॉक्सचा तो बदनाम स्क्रू हाताला जरा अडल्यासारखं वाटेपर्यंत घट्ट केला, किंचित मागे घेतला आणि वरून नट लावून टाकला. मग निपलला ग्रीस गन लावली. मधल्याच्या कडेने काळं जुनं, मग तपकिरी आणि मग स्वच्छ पिवळं ग्रीस बाहेर आलं, तेव्हा तिने समाधानाने मान डोलावली. निपलवर तिने चामड्याची एक छोटी टोपी चढवली.

"रंग द्या हवा तेवढा. टोपीला द्या. निपलला नाही."

लिबार्दो जीपमध्ये बसला. चाक जरासं हलवलं. पुढचे टायर लगेच हलले. त्याने परत हलवलं, परत हलले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओस्पिना असल्यामुळे त्याने ते धुळीवर ढकललं.

"बसा सगळे!" तो गरजला. "ओविदिओला म्हणावं ती मखमल आता स्वतःच्या उशीला लाव!"

आम्ही बसलो. गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडलो आणि जीप नाचायला लागली.

नाचायला म्हणजे खरोखर. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. एक कोंबडी रस्ता ओलांडत होती, तिने तीन वेळा बेत बदलला. मी नेहमीच्या सवयीने मागच्या पायरीवर होतो आणि उतरायच्या तयारीत होतो. नुबिया ओरडली, "थांबा! थांबवा!" जीप थांबली.

"तू काय करून ठेवलंस?" लिबार्दो घामाघूम झाला होता. "आधी निदान सरळ तरी जात होती!"

नुबियाने त्याच्या हातांकडे बघितलं. इंजिन बंद झालं होतं, जीप उभी होती, आणि लिबार्दोचे हात अजून चाकावर कणीक तिंबत होते.

"दाजी," ती म्हणाली, "गाडीतला प्ले मी काढला. तुमच्या हातातला राहिलाय."

हे खरं होतं, आणि मेकॅनिकने सांगायला कठीण होतं, कारण याचा सुटा भाग मिळत नाही. जुन्या स्टिअरिंगवर लिबार्दो कितीही हात हलवायचा, त्यातलं थोडंसंच चाकांपर्यंत पोचायचं. आता पै न् पै पोचत होतं. जीप आयुष्यात पहिल्यांदा त्याचं सगळं ऐकत होती, आणि त्याच्या हातांना काय म्हणायचंय तेच त्यांना माहीत नव्हतं.

फादर उतरले. "परवा उत्सव आहे. उद्या संध्याकाळी मी येतो," एवढंच म्हणाले आणि पायी चालू लागले.

त्या रात्री लिबार्दो जेवला नाही असं देयानिरा सांगते. सकाळी तो म्हणाला, "फादरांना म्हणावं, माता ओविदिओच्या जीपला द्या. हात काय या वयात बदलतात?"

देयानिराने अंगावर शाल घेतली. "उठा. मी बसते शेजारी."

तिने काही शिकवलं नाही. तिला गाडी चालवता येतच नाही. ती नुसती शेजारी बसली, आणि सरळ रस्त्यावर त्याचा हात हलला की गोड आवाजात विचारायची, "अहो, कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"मग हात का वळला?"

थोडं पुढे गेलं की पुन्हा, "अहो, कुठे निघालात?"

ला पाल्मापर्यंत चढताना तिने हा प्रश्न इतक्या वेळा विचारला की लिबार्दोच्या कपाळाची शीर उडायला लागली. उतरताना प्रश्न कमी झाले. दुसऱ्या खेपेला तर तो हात चाकावर असे ठेवून बसला होता, जणू चाक गरम आहे. वळण आलं की वळवायचा, वळण संपलं की सोडून द्यायचा, आणि चाक आपोआप सरळ व्हायचं. हे चाक आपोआप सरळ होतं हा शोध त्याला त्या दिवशी लागला. तो उरलेला रस्ता तेच बघत हसत होता. संसारात बायकोच्या प्रश्नाचा एवढा सरळ उपयोग झालेला मी दुसरीकडे बघितलेला नाही.

संध्याकाळी फादर बसले. खाली घाटापर्यंत गेले, वर आले. केळीच्या वळणावर त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते प्रार्थनेसाठी असं त्यांनी सांगितलं. उतरल्यावर ते म्हणाले, "उद्या सकाळी चॅपलपाशी ये. गाडी धुऊन."

"रंग देऊ का?"

"नको!" फादर, देयानिरा आणि मी एकदमच म्हणालो.

सोळा जुलैला सकाळी माता जीपमध्ये बसली. निळा झगा, सोनेरी मुकुट, हातात बाळ, भोवती डोंगरभरची फुलं. पुढे बँड. मागे जीपांची रांग, तिसरी ओविदिओची, मखमल ऊन खात. हॉर्न सुरू झाले तसे ला पाल्माचे कुत्रे पळाले. लिबार्दोने पांढरा शर्ट घातला होता आणि हात चाकावर ठेवले होते. ते हलत नव्हते.

घाट उतरताना एकच क्षण वाईट आला. बँडमधला सर्वात जाड भोंगा वाजवणारा गडी, आर्नुल्फो, वळणावर वळलाच नाही. तो संगीतात होता. तो थेट जीपसमोर आला. पूर्वी अशा वेळी लिबार्दो अर्धा फेरा चाक फिरवायचा आणि बाकीचं मातेवर सोडायचा. या वेळी त्याने बोटभर हलवलं. जीप बोटभर सरकली, आर्नुल्फोच्या कोपराला न लागता पुढे गेली, आणि लिबार्दोने चाक सोडून दिलं. चाक सरळ झालं. मातेचा मुकुटसुद्धा हलला नाही. मागच्या पायरीवरून मी हे डोळ्यांनी बघितलं, आणि उतरायचं माझ्या मनातही आलं नाही.

चौकात माणसं मावत नव्हती. टोप्या निघाल्या, एकेक नाही, सगळ्या एकदम. ओविदिओचीही निघाली, जरा उशिरा, पण निघाली. नुबिया फुटपाथवर हात बांधून उभी होती आणि शेजारच्या प्रत्येकाला मधला काय असतो ते समजावत होती. जीप देवळासमोर थांबली. बँड थांबला. लिबार्दो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. त्याच्या बाजूला फादर आन्सेल्मो उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता फादर काय म्हणतात ते ऐकायला पोरंबाळंही गप्प झाली. लिबार्दोने मान खाली घातली. त्याला आशीर्वाद अपेक्षित होता, निदान आम्हाला तरी होता.

फादर वाकले आणि म्हणाले, "लिबार्दो, ती नुबियाची ग्रीस गन दोन दिवस मिळेल का रे? लोक पापं कबूल करायला येतात त्या खोलीचं दार फार करकरतं, कोण आत गेलं ते अख्ख्या देवळाला कळतं."